पैसे मोजून मुंडकार!

२०२५ सालची नरकचतुर्दशी २० ऑक्टोबरला आली. त्या पहाटे गोमंतकात ठिकठिकाणी नरकासुर जळाले, अभ्यंगस्नाने उरकली, कारीट फुटले, पोह्यांचा फराळ झाला. आणि दुपारच्या पानावर बसण्याच्या सुमारास, सातासमुद्रांपलीकडे अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात ॲमेझॉन कंपनीच्या संगणककेंद्रांत एक बिघाड झाला. ही कंपनी जगभरच्या असंख्य उद्योगांना संगणकसेवा भाड्याने पुरविते. कोणती माहिती कोठे सापडेल याचा पत्ता सांगणारी तिची एक अंतर्गत व्यवस्था चुकली आणि तिच्यावर विसंबलेल्या सेवा एकामागून एक कोलमडत गेल्या. सारे काही पूर्ववत व्हायला आपल्याकडे दुसरी पहाट उजाडावी लागली.

या गोंधळात अनेक देशांतील व्यवहार खोळंबले, हे गंभीर खरेच. परंतु आमचे लक्ष वेधले ते एका हास्यास्पद वाटणाऱ्या वार्तेने. एट स्लीप नावाची एक अमेरिकन कंपनी तापमान राखणारे बिछाने विकते. किंमत दोन हजार डॉलरांहून अधिक. अंथरूण किती ऊबदार असावे, उशाकडची बाजू किती उचललेली असावी, हे सारे फोनवरून ठरवायचे. त्या रात्री कित्येकांचे बिछाने ऐकेनासे झाले. कोणी तापलेल्या गादीवर तळमळत राहिला, कोणाची गादी कललेल्या स्थितीतच अडकून बसली. विजेचा प्रवाह चालू होता, यंत्र धडधाकट होते, मालक तर त्यावरच पहुडलेला होता. परंतु स्वतःच्या अंथरुणाला थंड हो म्हणून सांगण्याचा अधिकार त्याच्याकडे नव्हता. तो दूरच्या कुठल्याशा संगणकाकडे होता आणि तो संगणक त्या क्षणी उत्तर देत नव्हता. पुढे कंपनीच्या प्रमुखांनी क्षमा मागितली आणि इंटरनेट नसतानाही बिछाना फोनवरून चालविता येईल अशी सोय करून दिली. म्हणजे तशी सोय करणे पहिल्यापासून शक्य होते, ती केली मात्र नव्हती!

श्रीमंतांच्या झोपमोडीवर अग्रलेख कशाला, असे कोणी विचारील. आमचे उत्तर असे, की प्रश्न बिछान्याचा नाही. विकत घेणे या क्रियेचा आहे. बाजारात रोकडा पैसा मोजून, पावती घेऊन, वस्तू घरी आणल्यावर ती वस्तू आपली होते, ही समजूत माणसाने नाणी पाडायला सुरुवात केली तेव्हापासून चालत आलेली आहे. तीच समजूत आज पोकळ होत चालली आहे, आणि ती इतक्या बेमालूमपणे होत आहे की पोकळ झालेल्या खांबावर हात पडेपर्यंत घरमालकाला वाळवीचा पत्ता लागू नये.

हे घडते कसे, ते आधी पाहू. फोंड्यातल्या एखाद्या घरी दारावर कॅमेऱ्याची घंटा बसविली आहे. पाहुणा घंटा दाबतो. आतल्या खोलीतील यजमानाच्या फोनवर पाहुण्याचा चेहरा उमटतो. दोघांत अंतर वीस पावलांचे. आपल्याला वाटते की चित्र भिंतीपलीकडून सरळ आले. प्रत्यक्षात ते कित्येकदा कंपनीच्या शेकडो किंवा हजारो मैलांवरील संगणकाकडे जाते, तेथे हे खाते कोणाचे, वर्गणी भरली आहे की नाही, याची तपासणी होते आणि मग ते परत फोंड्याला येते. म्हापशाहून पणजीला धाडलेले पत्र न्यूयॉर्कमार्गे पोचावे, तसलाच हा प्रकार! या दूरस्थ संगणकांना क्लाउड, म्हणजे ढग, असे गोंडस नाव पडले आहे. ढग म्हटला की तो कोणाच्याच मालकीचा नाही, सर्वांवर सारखाच बरसतो, अशी भावना होते. वस्तुतः हा ढग म्हणजे कोणाच्या तरी मालकीची, कुलूपबंद, पहाऱ्यातली इमारत असते. आणि आपल्या घरातील वस्तूची किल्ली त्या इमारतीत टांगलेली असते.

किल्ली ज्याच्याकडे त्याची मर्जी, हे ओघानेच आले. या मर्जीचे नमुने गेल्या दीड तपात पुष्कळ पाहावयास मिळाले आहेत. २००९ च्या जुलै महिन्यात ॲमेझॉनने आपल्या किंडल या वाचनयंत्रांतून जॉर्ज ऑर्वेल यांची दोन पुस्तके ग्राहकांना न विचारता परस्पर पुसून टाकली. विकणाऱ्याकडे प्रकाशनाचे हक्क नव्हते, असे कारण निघाले. पैसे परत दिले गेले आणि कंपनीचे संस्थापक जेफ बेझोस यांनी क्षमाही मागितली. पुसलेल्या पुस्तकांत नागरिकाच्या घरात डोकावणाऱ्या आणि जुने छापील कागद नाहीसे करणाऱ्या सत्तेची कथा असलेले ‘१९८४’ हेही होते, हा काव्यगत न्याय म्हणायचा की अन्याय, ते वाचकांनीच ठरवावे.

रेव्हॉल्व्ह नावाचे एक यंत्र होते. घरातील दिवे, कुलुपे, उपकरणे एकत्र जोडून चालविणारे. किंमत तीनशे डॉलर. २०१४ साली गूगलच्या ताब्यातील नेस्ट या कंपनीने रेव्हॉल्व्ह विकत घेतली आणि १५ मे २०१६ रोजी तिची सेवा बंद केली. सेवा बंद याचा अर्थ नवी सोय मिळणार नाही एवढाच नव्हता. लोकांच्या घरातले यंत्र त्या दिवसापासून मुके झाले. त्यात एकही स्क्रू सैल झालेला नव्हता. ह्यूमेन या कंपनीने २०२४ साली छातीवर लावायचे एक बोलके यंत्र ६९९ डॉलरांना विकले, वर महिन्याला २४ डॉलरांची वर्गणी. वर्षही पुरते सरले नाही तोच कंपनीची मालमत्ता दुसऱ्या कंपनीकडे गेली आणि दहा दिवसांची सूचना देऊन २८ फेब्रुवारी २०२५ रोजी ती यंत्रे निकामी करण्यात आली. इन्स्टिऑन या कंपनीने तर २०२२ च्या एप्रिलमध्ये एवढीही सूचना दिली नाही. एके दिवशी तिचे संगणक थांबले आणि ग्राहकांच्या घरांतील दिवे फोनला दाद देईनासे झाले.

कधी मर्जीही फिरत नाही, नुसते विस्मरण होते. चित्रवाणी संचाला जोडायचे गूगलचे क्रोमकास्ट हे यंत्र २०१५ च्या सुमारास आपल्याकडेही अनेकांनी घेतले. २०२५ च्या मार्च महिन्यात त्याची दुसरी आवृत्ती जगभर एकाएकी बंद पडली. कारण काय, तर यंत्राची ओळख पटविणाऱ्या अंकीय दाखल्याची दहा वर्षांची मुदत संपली होती आणि तो वेळेवर बदलावा हे कोणाच्या ध्यानात राहिले नव्हते. काही दिवसांत दुरुस्ती झाली. परंतु कचेरीतील कोणी कारकून दाखल्याचे नूतनीकरण विसरला म्हणून लाखो घरांतील यंत्रे एका दिवसात थांबावीत, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

याहून चिंताजनक आहे तो तिसरा प्रकार. तेथे ना मर्जी फिरते, ना विस्मरण होते; तेथे थंड डोक्याने हिशेब मांडलेला असतो. वस्तू एकदा विकून मिळणाऱ्या नफ्यापेक्षा तीच वस्तू दरमहा विकत राहिल्याने मिळणारा नफा मोठा आणि बिनघोर असतो, हे कारखानदारांच्या ध्यानात आले आहे. बीएमडब्ल्यू या जर्मन मोटार कंपनीने २०२२ साली काही देशांत मोटारीतील आसन गरम करण्याच्या सोयीसाठी मासिक वर्गणी ठेवली. दक्षिण कोरियात ती महिना सुमारे अठरा डॉलर होती. आसनाखालची तार मोटारीत आधीच बसविलेली, तिचे वजन मालक रोज वाहून नेणार, तिच्यासाठी इंधन मालकच जाळणार. ऊब मात्र वर्गणी भरल्यावर! लोकांनी एवढा गदारोळ केला की पुढच्या वर्षी कंपनीला त्या आसनांपुरता हा बेत सोडावा लागला. विंक या कंपनीने आधी पूर्ण किमतीला विकलेल्या यंत्रांवर मे २०२० मध्ये, आठवड्याभराची मुदत देऊन, महिना पाच डॉलरांची वर्गणी जाहीर केली. ओरड झाल्यावर तारीख तेवढी पुढे ढकलली, वर्गणी काही सोडली नाही. छपाईयंत्रे विकणाऱ्या एचपी कंपनीच्या शाईच्या वर्गणी योजनेत वर्गणी थांबविली, की त्या योजनेत आलेल्या शाईच्या डब्या शाई शिल्लक असतानाही चालेनाशा होतात.

वर्गणी हा शब्द आम्हां वृत्तपत्रवाल्यांस परका नाही. वाचकाने वर्गणी थांबविली तर दुसऱ्या दिवसापासून त्याच्या दारात अंक पडत नाही. ते रास्तच आहे. पण म्हणून कालपर्यंतचे अंक त्याच्या माळ्यावरून काढून आणायला आम्ही माणूस धाडीत नाही. घातलेल्या अंकांचे लाडूचे पुडे बांधावेत, फडताळात अंथरावेत की जपून ठेवावेत, हा सर्वस्वी त्याचा प्रश्न. नव्या युगाच्या वर्गणीत आणि आमच्या जुन्या वर्गणीत फरक आहे तो हा.

गोमंतकीय वाचकाला हे सारे समजावून सांगण्यासाठी परदेशी दाखल्यांची खरे तर गरजच नाही. आपल्या आज्यापणज्यांच्या काळापासून आपण एक व्यवस्था पाहत आलो आहोत. भाटकाराच्या जमिनीत मुंडकाराने घर उभे करावे, दर पावसाळ्याआधी ते शाकारावे, भिंती सारवाव्यात, दारापुढे तुळस लावावी, लेकींची लग्ने त्याच अंगणात करावीत; परंतु पायाखालची जमीन आपली नाही, हे त्याला क्षणभरही विसरता येत नसे. भाटकाराची मर्जी आहे तोवर घर. मर्जी फिरली, जमीन दुसऱ्याच्या नावावर चढली, किंवा नव्या धन्याला तेथे काही वेगळे करावेसे वाटले, की पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या माणसाच्या पायांखालची भूमी सरकली. हा अन्याय आहे हे ओळखून या भूमीने १९७५ साली मुंडकारांना हुसकावणीपासून संरक्षण देणारा कायदा केला. राहत्या घराखालची जागा विकत घेण्याचा हक्क त्यांना दिला.

आज आपण आपल्या घरांत पुन्हा मुंडकार होत आहोत. फरक असलाच तर तो अधिक लाजिरवाणा आहे. जुन्या मुंडकाराने जमिनीची किंमत मोजलेली नव्हती. त्याचा हक्क राबण्यातून आणि राहण्यातून आला होता. आजचा ग्राहक वस्तूची पूर्ण किंमत मोजतो, वर कर भरतो, पावती खिशात घालतो आणि तरीही मुंडकारच राहतो. शिवाय जुना भाटकार निदान गावात असे. त्याच्या व्हरांड्यात जाऊन गाऱ्हाणे घालता येत असे. नव्या भाटकाराचा पत्ता कोणालाही ठाऊक नसतो. फोन केला तर एक मंजुळ यंत्रध्वनी आकडे दाबायला सांगतो, एवढेच.

आमच्या गावोगावच्या परिस्थितीकडे पाहिले की ही चिंता अधिकच दाटते. पेडण्यापासून काणकोणापर्यंत कितीतरी वडिलोपार्जित घरे अशी आहेत, की जी चवथीला तेवढी उघडतात. मुले मुंबईला, पुण्याला, आखातात किंवा त्याही पलीकडे. एखाद्या घरी वृद्ध आईवडील एकटे. अशा घरांना कॅमेरे, फोनवरून उघडणारी कुलुपे आणि संकटसमयी दाबायची बटणे बसविली जाऊ लागली आहेत. यात वावगे काहीच नाही. मस्कतला बसलेल्या मुलाला आई देवापाशी दिवा लावताना दिसली, तर त्याचा दिवस सुखाचा जातो. विज्ञानाच्या या उपकाराला आम्ही नाक मुरडणार नाही.

पण आमच्या परिचयातील एका कुटुंबाचा अनुभव सांगण्याजोगा आहे. त्यांनी बंद घरावर लक्ष ठेवण्यासाठी कॅमेरे बसविले. पहिली दोन वर्षे मागील काही दिवसांची चित्रे विनामूल्य पाहता येत. मग एके दिवशी फोनवर लांबलचक इंग्रजी निवेदन आले. आपण सारेच करतो त्याप्रमाणे त्यांनी ते न वाचताच मान्य केले. पुढे पावसाळ्यात मागीलदारची कडी कोणी तरी तोडली. चित्रे पाहायला गेले तेव्हा कळले, की आता वर्गणी भरल्यावाचून कॅमेरा फक्त चालू क्षण दाखवितो, कालचे काही सांगत नाही. घरात शिरून सामान नेणाऱ्या चोराला कॅमेऱ्याने पाहिले, पण साक्ष ठेवली नाही! सुदैवाने नुकसान फार मोठे नव्हते. पण ज्या कामासाठी वस्तू घेतली नेमके तेच काम तिच्यातून कोणी अलगद काढून घेतले होते, आणि तेही मालकाच्याच बोटाचा ठसा घेऊन. याला विकतचे दुखणे म्हणू नये तर काय म्हणावे?

त्यातून आपला पावसाळा! मृगाचा पहिला फटकारा बसला की कुठे माड तारांवर पडतो, कुठे वीज जाते, आणि विजेपाठोपाठ इंटरनेटही जाते. बॅटरीवर चालणारे दाराचे कुलूप वीज गेली तरी उघडायला हवे; परंतु त्याने परदेशातील संगणकाची अनुमती मागायची असेल, तर भर पावसात आजोबांनी पडवीत उभे राहून कोणाची करुणा भाकायची? जी वस्तू नेमकी अडचणीच्या वेळी असायला हवी, तीच अडचणीच्या वेळी नाहीशी होत असेल, तर ती सोय नव्हे. ती सोयीची नक्कल झाली.

हा प्रश्न केवळ घरगुती असता तरी पुरे होते. पण तो तेवढाच राहिलेला नाही, हे २०२५ च्या जुलै महिन्याने दाखवून दिले. गुजरातेत वाडीनार येथे नायरा एनर्जी या कंपनीचा तेलशुद्धीकरणाचा प्रचंड कारखाना आहे. या कंपनीत रशियन भागीदारी आहे, म्हणून युरोपीय संघाने १८ जुलै रोजी तिच्यावर निर्बंध घातले. ते निर्बंध भारत सरकारचे नव्हते, संयुक्त राष्ट्रसंघाचे नव्हते, भारतातील कोणत्याही न्यायालयाचे नव्हते. तरीही मायक्रोसॉफ्ट या अमेरिकन कंपनीने नायराला पुरविलेल्या सेवा रोखल्या. पैसे भरलेले असताना कंपनीच्या कर्मचाऱ्यांची पत्रव्यवहाराची खाती बंद झाली आणि कंपनीची स्वतःची माहिती तिला मिळेनाशी झाली. नायराने दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली आणि काही दिवसांत सेवा पूर्ववत झाल्या. प्रकरण मिटले, पण भारताच्या भूमीवरील, भारताच्या कायद्याने चालणारा एक महत्त्वाचा उद्योग परक्या देशांच्या भांडणात एका कळीने अडविता येतो, हे सर्वांनी पाहिले. येथे यंत्र नव्हते, सेवा होती, असा भेद कोणी करील. परंतु ज्या दिवशी रुग्णालयांतील उपकरणे, शेतातील पंप आणि कारखान्यांतील यंत्रे त्याच दोरीला बांधली जातील, त्या दिवशी हा भेद उरणार नाही.

कंपन्यांची बाजूही ऐकून घेतली पाहिजे. एकतर्फी न्याय आम्हांला मान्य नाही. त्या म्हणतात, दूरचे संगणक चालविण्याला दरमहा खर्च येतो. चोरांनी नव्या वाटा शोधल्या की यंत्राच्या आज्ञावलीत सुधारणा कराव्या लागतात. एकदा घेतलेल्या किमतीत हे सारे जन्मभर कसे पुरवावे? या म्हणण्यात तथ्य आहे. चित्रे वर्षभर साठवून ठेवायची असतील, परगावाहून घर पाहायचे असेल, तर त्या सेवेचे मोल ज्याने त्याने द्यावे. फुकटाची अपेक्षा आम्ही करीत नाही. परंतु सेवा आणि वस्तू यांतील रेषा पुसून टाकण्याचा अधिकार या युक्तिवादातून उत्पन्न होत नाही. दारावरच्या कुलपाने उघडावे, दिव्याने लागावे, छपाईयंत्राने शिल्लक शाईने छापावे, ही वस्तूची मूळ कामे आहेत. ती घरातल्या घरात होऊ शकतात. घरातील उपकरणांनी बाहेर न जाता परस्परांशी बोलावे यासाठी मॅटर नावाचे एक सामाईक तंत्र मोठ्या कंपन्यांनीच एकत्र येऊन २०२२ साली प्रसिद्ध केले आहे. नेस्टच्या पहिल्या दोन आवृत्त्यांच्या तापमान-नियंत्रकांचा फोनशी असलेला संबंध गूगलने २५ ऑक्टोबर २०२५ पासून तोडला, तेव्हा ती यंत्रे भिंतीवर हाताने फिरविण्याजोगी तरी राहिली. फिरवायचे चाक मुळातच यंत्रावर असल्यामुळे हे शक्य झाले. तेव्हा अडचण तंत्राची नाही, नियतीची आहे. आणि नियत सुधारण्याचे औषध कायद्याच्या दुकानात मिळते.

इतर देशांनी या औषधाचे पहिले घोट घेतले आहेत. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून इंटरनेटशी जोडलेल्या वस्तूच्या उत्पादकाने तिच्या सुरक्षेच्या सुधारणा किमान कोणत्या तारखेपर्यंत देणार हे जाहीर करणे बंधनकारक आहे. युरोपीय संघाने केलेल्या कायद्याची मुख्य कलमे ११ डिसेंबर २०२७ पासून लागू व्हायची असून, त्यांनुसार साधारणपणे किमान पाच वर्षे अशा सुधारणा द्याव्या लागतील. कॅलिफोर्निया राज्यात १ जानेवारी २०२५ पासून, जो अंकीय माल विक्रेता पुढे परत काढून घेऊ शकतो, तो केवळ वापरण्याचा परवाना आहे हे स्पष्टपणे न सांगता ‘विकत घ्या’ असे शब्द वापरता येत नाहीत. हे नियम किती आवश्यक आहेत याची कल्पना अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाच्या २०२४ मधील पाहणीवरून येते. आयोगाने १८४ वस्तू तपासल्या. त्यांपैकी १६३ वस्तूंच्या संकेतस्थळांवर सुधारणा किती काळ मिळणार याचा उल्लेखच नव्हता. दुधाच्या पिशवीवर तारीख हवी, औषधाच्या गोळीवर हवी. मात्र हजारो रुपयांच्या यंत्राचे आयुष्य कंपनीच्या पोटात गुप्त!

आपल्याकडे अगदीच काही झालेले नाही असे नाही. केंद्रीय ग्राहक व्यवहार खात्याने २०२२ च्या जुलैमध्ये दुरुस्तीच्या हक्काविषयी समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला, ग्राहक दिनी, त्यासाठी संकेतस्थळ सुरू केले. २०२३ च्या नोव्हेंबरात फसव्या मांडणीविरुद्ध जी मार्गदर्शक तत्त्वे निघाली, त्यांत वर्गणीच्या सापळ्याचा स्पष्ट उल्लेख आहे. ही पावले स्वागतार्ह आहेत. परंतु वर्गणीचा सापळा म्हणजे वर्गणीतून बाहेर पडू न देणे. आणि दुरुस्ती म्हणजे मोडलेले सांधणे. आमचा प्रश्न तिसराच आहे: जे मोडलेलेच नाही, ते दुरून मारले गेले, तर दाद कोणाकडे मागायची? या प्रश्नाला सरळ उत्तर देणारे कलम हवे.

ते कलम काय म्हणेल? आमच्या मते त्यात चार गोष्टी असाव्यात. पहिली, खोक्यावर ठळक अक्षरांत, ग्राहकाला कळेल अशा भाषेत लिहावे: ही वस्तू इंटरनेटवाचून काय करते, काय करीत नाही, कोणत्या तारखेपर्यंत तिला आधार आहे, आणि कोणत्या सोयीला वर्गणी पडते. दुसरी, विक्रीच्या वेळी जी सोय किमतीत दिली, ती मागाहून वर्गणीच्या कुलपात घालता येऊ नये. तिसरी, वस्तूचे मूळ काम घरातल्या घरात, कंपनीच्या अनुमतीवाचून, झालेच पाहिजे. चौथी, कंपनीला सेवा बंद करायचीच असेल किंवा तिचे दिवाळे वाजले असेल, तर पुरेशी आगाऊ सूचना द्यावी, आणि यंत्राच्या किल्ल्या व आज्ञावली ग्राहकांच्या स्वाधीन कराव्यात. ते जमत नसेल तर पैसे परत करावेत. ही शेवटची मागणी स्वप्नाळू नाही. वर उल्लेखिलेल्या इन्स्टिऑनच्या ग्राहकांपैकी काहींनी एकत्र येऊन दोन महिन्यांच्या आत ती कंपनीच विकत घेतली आणि मृत यंत्रे पुन्हा जिवंत केली. किल्ली हाती आली तर ग्राहक आपले घर सांभाळू शकतो, याचा हा पुरावा आहे.

कायदा दिल्लीत व्हायचा, तोवर आपण काय करावे? पुष्कळ करता येण्याजोगे आहे. सर्वांत मोठा ग्राहक सरकार असते. नगरपालिका चौकाचौकांत कॅमेरे बसवितात, शाळा विजेचे फळे घेतात, रुग्णालये उपकरणे घेतात. या प्रत्येक खरेदीच्या निविदेत एक ओळ घालायला कोणत्याही नव्या कायद्याची गरज नाही: पुरवठादाराची सेवा बंद पडली तरी यंत्र चालले पाहिजे. आमच्या राज्य सरकारने ही ओळ घालून पाहावी. जेथे सरकारी पैसा जातो तेथे कारखानदाराची मान आपोआप वळते, हा अनुभव आहे. ग्राहकानेही दुकानात शिरताना रंग आणि किंमत विचारण्याआधी एक प्रश्न विचारावा: इंटरनेट तोडले तर ही वस्तू काय करील? दुकानदाराला उत्तर ठाऊक नसेल, तर वस्तू परत फळीवर ठेवावी. दहा गिऱ्हाइकांनी असे केले की अकराव्यासाठी उत्तर तयार असेल.

एक इशारा मात्र आमच्याच इतिहासातून द्यावासा वाटतो. मुंडकारांचा कायदा १९७५ साली झाला, परंतु पुढे कित्येक प्रकरणे मामलेदार कचेऱ्यांच्या कपाटांत वर्षानुवर्षे पडून राहिली. कायदा पुस्तकात होता, जमीन मात्र भाटकाराच्याच नावावर होती. अर्ज करणारा म्हातारा झाला, त्याच्या जागी त्याचा मुलगा तारखांना जाऊ लागला. यंत्रांच्या बाबतीत तेवढा अवधी कोणापाशीच नाही. यंत्राचे आयुष्य पाचसात वर्षांचे; न्याय दहाव्या वर्षी मिळाला तर तो भंगारवाल्यालाच द्यावा लागेल. म्हणून कायद्याइतकीच त्याची झटपट अंमलबजावणी महत्त्वाची.

विज्ञानाचे फळ नको असे आम्ही म्हणत नाही. दूरच्या मुलाला आईचा चेहरा दिसावा, बंद घराची राखण व्हावी, अंथरुणाला खिळलेल्या माणसाला पडल्यापडल्या दिवा लावता यावा, हे सारे हवेच आहे. आमचे म्हणणे एवढेच, की दाम मोजून घेतलेल्या वस्तूबरोबर तिच्यावरची हुकमतही घरी आली पाहिजे. विक्री म्हणायची आणि ताबा आपल्याकडे ठेवायचा, याला आमच्या भाषेत व्यापार म्हणत नाहीत. अर्धशतकापूर्वी या भूमीने एका भाटकाराला सांगितले होते, की ज्याची चूल जेथे पेटते तेथे त्याचा हक्क आहे. आता दुसऱ्या भाटकाराला तेच सांगण्याची वेळ आली आहे. तो समोरच्या भाटात राहत नाही, ढगात राहतो, एवढ्यावरून आपला आवाज खाली येण्याचे काही कारण आम्हांला दिसत नाही.